यंत्रं नवी, बोगदा जुना

भोसरी एमआयडीसीतला एक मध्यम कारखाना, त्याचा दोन माणसांचा आयटी विभाग. सोमवार, २७ ऑक्टोबर २०२५.

सकाळी ८.००

दिवाळीची सुट्टी संपली. डिझाइन, खरेदी आणि विक्री विभागातली जुनी यंत्रं उचलून तिथे विंडोज ११ ची नवी यंत्रं बसवली आहेत. १४ ऑक्टोबरला विंडोज १० चे मोफत अपडेट थांबले. पुढेही सुरक्षेचे अपडेट हवे असतील तर कंपनीला यंत्रामागे पहिल्या वर्षी ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी त्याच्या दुप्पट आणि तिसऱ्या वर्षी त्याच्याही दुप्पट मोजावे लागतात. शिवाय आमच्या बऱ्याच यंत्रांत टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नव्हती, म्हणजे त्यांच्यावर विंडोज ११ रीतसर चढणारच नव्हतं. खरेदीचा निर्णय रेंगाळत रेंगाळत नवरात्रात झाला आणि खोकी धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी आली.

कार्यालयात बसून काम करणाऱ्यांचं फारसं अडणार नाही. माझं लक्ष बाहेरच्यांकडे आहे. विक्रीची माणसं ग्राहकांच्या प्लांटमध्ये असतात, डिझाइनमधले काही जण अधूनमधून घरून काम करतात आणि काही इंजिनिअर रोज एका जर्मन ग्राहकाच्या ड्रॉइंग सर्व्हरवर जातात. हे सगळे व्हीपीएनच्या बोगद्यातून ये-जा करतात. सुट्टीत हा बोगदा कोणी वापरला नाही.

८.४०

पहिला फोन वाळूजहून, विक्रीतल्या एका मुलाचा.

"सर, एक्सेल चालतंय, आउटलुक चालतंय. व्हीपीएन तेवढं लागत नाही."

"स्क्रीनवर काय येतंय?"

"या यंत्रावर ड्रायव्हर लोड करता येत नाही, असं कायतरी."

"रीस्टार्ट केलं?"

"केलं. परत केलं."

"मग आता करू नका. फाइल लागली तर मला फोन करा, मी इथून मेल करतो."

नऊच्या आत डिझाइनमधल्या मॅडम, खरेदीतले काका आणि घरून काम करणारे दोघे अशी रांग लागते. सगळ्यांचा संदेश एकच. एकाचं बिघडलं असतं तर यंत्र तपासलं असतं. सगळ्यांचं एकदम आणि एकसारखं बिघडलं म्हणजे दोष माणसांचा नाही, यंत्रांचाही नाही. जुना व्हीपीएन क्लायंट आणि नवं विंडोज यांचं जमत नाही.

९.३०

एक्सेल चालतं आणि व्हीपीएन चालत नाही, हे लोकांना विचित्र वाटतं. पण दोन्ही सॉफ्टवेअरची राहायची जागा वेगळी आहे. एक्सेल हा इमारतीतला भाडेकरू; व्हीपीएन क्लायंट हा भिंत फोडून नळजोड घेणारा. मालकानं इमारत नव्यानं बांधली तर भाडेकरूचं सामान तसंच आत जातं, नळजोड मात्र नव्या पाइपला नव्यानं करावा लागतो.

क्लायंट इन्स्टॉल होतो तेव्हा तो यंत्रात एक खोटं नेटवर्क कार्ड तयार करतो. त्याला व्हर्च्युअल अडॅप्टर म्हणतात. त्या कार्डाचा ड्रायव्हर थेट कर्नेलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, बसतो आणि बोगद्यातून जाणारं पॅकेट सांकेतिक करतो, येणारं उलगडतो. गाभ्याचे नियम मात्र गेल्या दहा वर्षांत कडक होत गेले. २०१६ च्या विंडोज १० आवृत्तीपासून नव्या कर्नेल ड्रायव्हरवर मायक्रोसॉफ्टचीच सही लागू लागली. विंडोज ११ ची फक्त ६४ बिट आवृत्ती आहे. आणि नव्या यंत्रांवर 'मेमरी इंटिग्रिटी' ही तपासणी बहुधा सुरू असूनच येते. ती जुन्या पद्धतीनं लिहिलेल्या ड्रायव्हरला आत येऊ देत नाही. आमच्या जुन्या यंत्रांवर ती बंद होती, म्हणून तोच क्लायंट इतकी वर्षं गुपचूप चालला.

हे दुखणं आमच्यापुरतं नाही. सिस्कोचा जुना आयपीसेक क्लायंट हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. त्याची विक्री थांबवण्याची घोषणा २०११ मधली. २०१५ मध्ये विंडोज १० आलं तेव्हा जगभरच्या आयटीवाल्यांनी दुसऱ्याच कंपनीच्या क्लायंटमधला नेटवर्क फिल्टर आधी बसवून, मग रजिस्ट्रीतलं अडॅप्टरचं नाव हातानं दुरुस्त करून तो चालता ठेवला. ही युक्ती विंडोजच्या प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर परत करावी लागायची. मॅकवाल्यांनीही हेच भोगलं. २०१६ च्या सिएरात पीपीटीपी हा जुना व्हीपीएन प्रोटोकॉल काढून टाकला, २०१९ च्या कॅटलिनात ३२ बिट सॉफ्टवेअर बंद झालं, २०२० च्या बिग सरपासून जुनी कर्नेल एक्स्टेन्शन्स बाजूला पडली.

१०.१५

ज्युनिअर उत्साहानं लॅपटॉप घेऊन येतो. "सर, मिळालं! विंडोज ११ वर चालणारा सेटअप मिळाला. व्हिडिओ पण आहे. मेमरी इंटिग्रिटी बंद करायची, सेटअप चालवायचा, झालं."

"सेटअप कुठून उतरवलास?"

तो एका डाउनलोडच्या साइटचं नाव सांगतो. मी त्याला सेटअपवर उजवं बटण दाबून गुणधर्म उघडायला लावतो. डिजिटल सहीचा टॅबच नाही. म्हणजे फाइल कोणी बनवली आणि मध्ये कोणी हात घातला, याचा पुरावा नाही. ज्या सॉफ्टवेअरला आपण कंपनीचा पासवर्ड देणार, ज्यातून प्रत्येक ड्रॉइंग जाणार, ते असल्या ठिकाणाहून घ्यायचं नाही. सेटअप फक्त मूळ कंपनीच्या पोर्टलवरून घ्यायचा, सही बघायची आणि पोर्टलवर हॅश दिला असेल तर 'सर्टयुटिल'नं फाइलचा हॅश काढून जुळवायचा. एका जुन्या ड्रायव्हरसाठी मेमरी इंटिग्रिटी बंद करणं तर नाहीच. नवी यंत्रं ज्या सुरक्षेसाठी घेतली तीच काढून ठेवायची असेल, तर खर्च कशाला केला?

एवढ्यात एचआरच्या मॅडम येतात. फराळाचा डबा पुढे करत विचारतात, "स्टोअरमध्ये फुकट व्हीपीएन दिसतंय. चांगले स्टार आहेत. ते टाकू का?"

चकली घेतो आणि नाही म्हणतो. नाव एक असलं तरी या दोन गोष्टी निराळ्या आहेत. स्टोअरमधलं व्हीपीएन तुम्हाला त्यांच्या सर्व्हरवर नेऊन तिथून इंटरनेटवर सोडतं. आपलं व्हीपीएन तुम्हाला आपल्या कंपनीच्या जाळ्यात आणतं. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेनं २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायला सांगितलं ते पहिल्या प्रकारच्या सेवांना. कंपन्यांची अंतर्गत व्हीपीएन त्यातून वगळली. पण १८० दिवसांचे लॉग ठेवायचे आणि सायबर घटना सहा तासांत कळवायची, हे आपल्यालाही लागू आहे. भलत्याच सर्व्हरमधून कंपनीचं काम सुरू झालं तर त्यातलं काही आपल्या लॉगमध्ये दिसणार नाही.

११.००

आता मुद्द्याचं काम. ज्युनिअर सकाळपासून एकच प्रश्न शोधतोय: विंडोज ११ वर कोणता क्लायंट चालतो? मी त्याला फायरवॉलसमोर बसवतो. प्रश्न उलटा विचारायचा. पलीकडचा गेटवे, म्हणजे बोगद्याचं दुसरं टोक, कोणता प्रोटोकॉल बोलतो? त्याचं उत्तर मिळालं की अलीकडे काय लागेल ते आपोआप ठरतं.

पलीकडे ओपनव्हीपीएन असेल तर त्याचा नवा क्लायंट मिळतो, वायरगार्ड असेल तर त्याचाही मिळतो. एखाद्या कंपनीचं खास एसएसएल व्हीपीएन असेल तर बहुधा त्याच कंपनीकडे जावं लागतं. आणि आयकेईव्ही२ असेल तर क्लायंट शोधायचंच कारण नाही. तो विंडोजमध्ये विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, आतच आहे. त्याचा ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टचा, सही त्यांची, नव्या आवृत्तीशी जुळवून घ्यायची जबाबदारीही त्यांची.

आमच्या फायरवॉलच्या पडद्यावर आयकेईव्ही२ ची खूण करायची चौकट आहे. कितीतरी वर्षं ती रिकामीच आहे, कारण जुना क्लायंट चालत होता.

चौकट भरली, चाचणीचं कनेक्शन बनवलं. पहिला अडथळा: चूक क्रमांक १३८०१. प्रमाणपत्र पटलं नाही. गेटवेच्या प्रमाणपत्रावर त्याचं नाव आहे आणि आम्ही कनेक्शनमध्ये आयपी पत्ता टाकला होता. दोन्ही जुळायला हवेत. नाव टाकलं. दुसरा अडथळा: १३८६८, धोरण जुळत नाही. हा नेहमीचा. विंडोज स्वतःहून की-देवघेवीसाठी डिफी-हेलमनचा गट २ पुढे करतं. तो १०२४ बिटांचा, आज कमजोर समजला जाणारा. आमचा फायरवॉल गट १४ च्या खाली बोलत नाही, आणि ते बरोबरच आहे. सेटिंग्जच्या पडद्यावर हे बदलायची सोय नाही. पॉवरशेलमधून आज्ञा देऊन गट १४, एईएस-२५६ आणि एसएचए-२५६ ठरवावं लागतं. फायरवॉल सैल करायचा नाही, विंडोज कडक करायचं.

ज्युनिअर आज्ञा टाइप करतो, 'कनेक्ट' दाबतो. जोडलं गेलं. तो खुर्चीतून उठतो. मी त्याला परत बसवतो. आता ही आज्ञा स्क्रिप्टमध्ये घालायची, म्हणजे प्रत्येक यंत्रावर हातानं करावं लागणार नाही.

दुपारी १२.३०

जर्मनी उघडायची वेळ. गेल्या आठवड्यापर्यंत त्यांचे सकाळचे आठ म्हणजे आपले साडेअकरा होते. काल, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, तिथली घड्याळं तासभर मागे गेली. आता साडेचार तासांचं अंतर. डिझाइनमधले इंजिनिअर साडेअकरापासून विचारतायत, "त्यांचा फोन का लागत नाही?" घड्याळ सांगितल्यावर जरा शांत झाले.

तिथला गेटवे आपला नाही. तिथे चौकट भरणं आपल्या हातात नाही, त्यामुळे मेल नेमका हवा. "तुमचं व्हीपीएन चालत नाही" असं लिहिलं की उत्तर येतं, "आमच्याकडे चालतंय." म्हणून तीन गोष्टी विचारतो. तुमच्या गेटवेवर सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती आहे? तिच्यासाठी तुम्ही क्लायंटची कोणती आवृत्ती देता? त्या क्लायंटच्या यादीत विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती आहे का? शेवटी आमच्या यंत्रावरचा संदेश, जसाच्या तसा.

सुसंगतीचा तक्ता वाचताना लोक एकच स्तंभ बघतात: विंडोज ११, बरोबरची खूण, झालं. खरं तर तीन गोष्टी एकाच ओळीत जुळाव्या लागतात, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, क्लायंट आणि गेटवे. अगदी नवा क्लायंट विंडोज ११ वर छान बसतो, पण पलीकडचा गेटवे जुना असेल तर तो त्याला ओळखत नाही. तक्त्याखाली बारीक अक्षरात 'ज्ञात अडचणी' असतात. मी आधी त्या वाचतो.

१.१५

जेवण. आज प्रत्येक टेबलावर चिवडा आहे. सर्व्हर रूममध्ये डबा न्यायचा नाही, हा नियम दिवाळीतही कायम.

२.००

संचालक साहेब बोलावतात. त्यांनी स्वतःसाठी एकदम पातळ लॅपटॉप घेतलाय. बॅटरी दिवसभर टिकते म्हणून खूश आहेत. "तुमचं व्हीपीएन इन्स्टॉल होतंय, आयकॉन पण येतो. पण जोडायला गेलं की काहीच होत नाही."

लॅपटॉप उलटून बघतो. प्रोसेसर एआरएम जातीचा. आमची बाकी सगळी यंत्रं एक्स८६ वरची. एआरएमवरचं विंडोज ११ एक्स८६ साठी लिहिलेले नेहमीचे प्रोग्राम भाषांतर करून चालवतं, म्हणून सेटअप चालला, खिडकी उघडली, आयकॉन आला. पण हे भाषांतर कर्नेलपर्यंत जात नाही. तिथे ड्रायव्हर एआरएमसाठीच बनवलेला लागतो. क्लायंटचा चेहरा बसला, अडॅप्टर बसलाच नाही.

इथे सकाळची मेहनत कामी येते. विंडोजमधलं आयकेईव्ही२ एआरएमवरही तसंच आहे. स्क्रिप्ट चालवली, साहेबांनी पासवर्ड टाकला, जोडलं गेलं.

"मग आधीच हे का वापरत नव्हतो?"

"जुनं चालत होतं, साहेब."

या उत्तरावर कोणताही संचालक पुढचा प्रश्न विचारत नाही.

३.१५

वाळूजचा मुलगा पुन्हा फोनवर. "सर, व्हीपीएन लागलं. पण सामायिक फोल्डर उघडत नाही."

आता सगळे व्हीपीएनलाच दोष देणार. म्हणून आधी कार्यालयातल्याच, व्हीपीएन नसलेल्या नव्या यंत्रावर तोच फोल्डर उघडून बघतो. तिथेही उघडत नाही. म्हणजे बोगदा निर्दोष. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून फाइल शेअरिंगला सही सक्तीची झाली आणि प्रो आवृत्तीत पाहुणा म्हणून आत शिरायची सोय बंद झाली. कोपऱ्यातला आमचा जुना फाइल सर्व्हर सगळ्यांना पाहुणा म्हणूनच आत घेत होता. कुणी कोणती फाइल उघडली याची नोंद अर्थातच नाही.

सर्व्हरच्या सेटिंगमध्ये सही सुरू केली, विभागवार खाती बनवली. पाऊण तास गेला, पण हे कधीतरी करायचंच होतं.

४.३०

मार्केटिंगमधला एक मॅक आणि विश्लेषणाचं काम करणाऱ्या इंजिनिअरचं उबुंटू. दोन्ही पटकन होतात. मॅकमध्ये आयकेईव्ही२ २०१५ च्या एल कॅपिटानपासून आहे. उबुंटूवर स्ट्राँगस्वान आणि नेटवर्क मॅनेजरचं त्याचं प्लगइन. पलीकडे एसएसएल व्हीपीएन असतं तर ओपनकनेक्ट बघितलं असतं. ते बऱ्याच कंपन्यांच्या गेटवेंशी बोलतं.

५.१५

कार्यालयातल्या वायफायवरून व्हीपीएन तपासणं म्हणजे घरात बसून घराचं कुलूप तपासणं, असं मी ज्युनिअरला सांगतो. बाहेरच्या जाळ्यावरूनच बघायचं. मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू केला. जोडलं गेलं, छोट्या फाइल उघडल्या, पण मोठं ड्रॉइंग अर्ध्यावर अडकलं.

हे पॅकेटच्या आकाराचं प्रकरण. साध्या इथरनेटवर एका वेळी १५०० बाइट जातात. घरच्या बऱ्याच फायबर जोडण्यांवर पीपीपीओईमुळे १४९२. त्यात आयपीसेक स्वतःचं वेष्टण चढवतं. जास्त झालेलं पॅकेट वाटेत गुपचूप टाकून दिलं जातं. तुकडे करू नका अशी खूण घालून पिंग सोडलं: १३७२ बाइटांचा मजकूर आणि त्यावर २८ बाइटांचं शीर्ष, एकूण १४००. ते गेलं. स्क्रिप्टमध्ये कमाल आकार १४०० टाकला, ड्रॉइंग उतरलं.

एक पर्याय हाताशी ठेवायला हवा. आयकेईव्ही२ ला यूडीपीचे ५०० आणि ४५०० हे पोर्ट लागतात आणि काही हॉटेलं, काही प्लांट ते अडवतात. तेव्हा ८०९ क्रमांकाची चूक येते. तिथल्यासाठी फायरवॉलच्या कंपनीचा स्वतःचा नवा एसएसएल क्लायंट ठेवायचा, जो ४४३ वरून जातो. सगळ्यांना नाही, फिरत्या माणसांनाच.

६.४५

जर्मनीचं उत्तर आलं. गेटवेची आवृत्ती, तिला जुळणारा क्लायंट, पोर्टलचा दुवा आणि शेवटी एक वाक्य: जुना क्लायंट वर्षअखेरीस तेही बंद करणार आहेत. सेटअप उतरवला. सही आहे, हॅश जुळला. डिझाइनमधल्या मॅडमच्या यंत्रावर बसवला, मेमरी इंटिग्रिटी सुरू ठेवूनच. जोडलं गेलं. मॅडमनी सकाळपासून अडलेलं ड्रॉइंग उघडलं आणि पर्स उचलून निघाल्या. त्यांची बस चुकू नये, एवढीच घाई होती.

आणखी दोन दिवस उत्तर आलं नसतं तर? हायपर-व्हीत विंडोज १० चं यंत्र उभारून त्यात जुना क्लायंट चालवता आला असता. पण अपडेट बंद झालेलं यंत्र ग्राहकाच्या जाळ्याला जोडायचं तर त्यांची लेखी परवानगी हवी, सशुल्क अपडेट हवेत आणि बंद करायची तारीख हवी. तारीख ठरवली नाही की तात्पुरती सोय पुढची पाच वर्षं तशीच राहते.

७.१५

निघण्याआधी वही पूर्ण करतो. प्रत्येक व्हीपीएनसाठी एक ओळ: गेटवे कोणाचा, प्रोटोकॉल कोणता, क्लायंट विंडोजमधला की बाहेरचा, प्रमाणपत्र कधी संपतं, अडलं तर मेल कोणाला. क्लायंटचं नाव शेवटच्या स्तंभात. सगळ्यात लवकर बदलणारी गोष्ट तीच.

खरेदीतले काका दिवे बंद करत येतात. जानेवारीत शॉप फ्लोअरसाठी आणखी यंत्रं घ्यायची आहेत. त्यांच्या मागणीपत्रात मी एक रकाना वाढवलाय: बाहेरून कुठे जोडायचं आहे आणि पलीकडचा प्रोटोकॉल कोणता.

काका चष्मा वर करून वाचतात. "आता खरेदीवाल्यांनी प्रोटोकॉल पण शिकायचा का?"

"शिकायचा नाही, काका. यंत्रं मागवायच्या आधी मला विचारायचा."